पगार जातो कुठे? खरेदीची सवय, कार्डाची बाकी आणि बचत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात डब्याच्या वेळेला, नणंदेच्या फोनवर, संध्याकाळी सोसायटीच्या बेंचवर, गेल्या दोन वर्षांत मला तेच तेच प्रश्न इतके विचारले गेले की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी नागपुरात मनीषनगरला राहते, वर्धा रोडवर एका ऑफिसात अकाउंट्स बघते. २०२२ च्या दिवाळीनंतर माझ्या दोन कार्डांवर मिळून १ लाख ३८ हजार बाकी होते आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं. ते सगळं फिटलं, पण वेळ लागला, आणि त्या वेळात जे समजलं ते इथे आहे. मी सल्लागार नाही, यातून गेलेली बाई आहे, तर तसंच वाचा.

माझी खरेदी जरा जास्त आहे की खरंच प्रॉब्लेम आहे, कसं ओळखू?

रकमेवरून नाही ओळखता येत. महिन्याला दोन लाख कमावणाऱ्याने वीस हजारांचे कपडे घेतले तर त्याचं काही अडत नाही, आणि अठरा हजारवाल्याने तीन हजारांचे घेतले तर घरभाडं अटकते. मी एकच विचारते, पार्सल आलं की तुम्ही काय करता? मी काय करत होती ते सांगते. डिलिव्हरीवाल्या भाऊला गेटवरच थांबवायची, खोका तिथेच फोडून कचऱ्यात टाकायची, कुर्ता पर्समध्ये कोंबून वर जायची आणि आठवड्याने घातला की विचारणाऱ्याला "हा ना, जुनाच आहे" म्हणायची. अख्खं वर्ष असं करून राहिली होती आणि मला ते खोटं बोलणं वाटतच नव्हतं.

तर लपवणं ही माझ्या मते पहिली खूण. बाकी पण आहेत, कपाटात टॅग न काढलेले कपडे, ऑर्डर करताना आनंद आणि वस्तू हातात आली की काहीच नाही, एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्याकडून उचलणं, पण लपवायला लागलो की समजायचं, आता थांबून बघायला पाहिजे.

सुरुवात कुठून करू? पगार दहा तारखेलाच संपतो.

मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा. फोनवर बघू नका, फोनवर आपण पटकन खाली सरकवतो आणि जिथे दुखतं तिथे थांबतच नाही. कागद घ्या, पेन घ्या, आणि प्रत्येक खरेदीसमोर एवढंच लिहा की ती वस्तू आज कुठे आहे. "वापरात", "कपाटात", "कोणाला तरी दिली", "आठवत नाही". किराणा, कपडे, औषधं असे रकाने पाडत बसू नका, ते नंतर.

माझ्या तीन महिन्यांत ६१ खरेद्या निघाल्या आणि त्यातल्या चाळीसच्या वर ५०० रुपयांच्या आतल्या होत्या. मी तोपर्यंत स्वतःला सांगत होती की मी मोठं काही घेतच नाही, आणि ते खरंच होतं, मोठं काही नव्हतंच त्यात! केसांचे क्लिप, फोनचं कव्हर, डब्यांचा सेट, परत फोनचं कव्हर. "आठवत नाही" सोळा वेळा लिहिलं मी. त्या कागदाने जे केलं ते नवऱ्याच्या, आईच्या कोणाच्याच बोलण्याने झालं नसतं.

आणि पहिल्या महिन्यात बजेट बनवू नका. सगळे वहीवर छान बजेट बनवतात, चार दिवस चालते, पाचव्या दिवशी मोडते आणि मग "माझ्याने होत नाही" असं वाटून दुप्पट खरेदी होते. पहिल्या महिन्यात एकच गोष्ट करा, पगार आला त्याच दिवशी एक ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जाऊ द्या, आपोआप, तुम्हाला हात लावायला लागू नये अशी. हजार रुपये असले तरी चालते. उरलं की टाकू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही, माझं पण नाही उरलं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना सांगितलं की आत्ता काही कापू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हा वाढीतला थोडा भाग आपोआप बचतीत जाऊ द्या, तर ज्यांनी हो म्हटलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. त्यांचा स्वभाव नव्हता बदलला, पैसे हातात यायच्या आधीच बाजूला होत होते एवढंच.

रात्रीच का होते हो सगळी खरेदी?

कागदावर हे पण दिसेल, बँकेच्या मेसेजची वेळ बघा. माझ्या बहुतेक साडेदहाच्या पुढच्या. दिवसभर ऑफिस, मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, आणि सगळे झोपले की तो अर्धा तास फक्त माझा, आणि त्या अर्ध्या तासात मी फोनवर वस्तू बघायची. खरेदीची भूक नव्हती ती, थकवा होता. मेंदूतल्या डोपामाइन नावाच्या रसायनाचं पण असंच आहे म्हणतात, वस्तू मिळाल्यावर नाही, ती मिळणार या चाहुलीनेच ते वाढतं, वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवरच्या प्रयोगांत हे १९९० च्या दशकात दाखवलं. म्हणून पार्सलची वाट बघण्यात मजा आणि उघडल्यावर रिकामं रिकामं.

नागपूरचा उन्हाळा पण यात आहे बरं का. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी बाहेर जायची सोय नाही, रविवारी माणूस कूलरसमोर फोन घेऊन पडलेला, माझे मे महिने दिवाळीइतकेच महागात गेले आहेत. आता साडेनऊला फोन चार्जिंगला लावते, आणि चार्जर स्वयंपाकघरात ठेवला आहे, बेडरूममध्ये नाही.

ॲप डिलीट करते, आठ दिवसांनी परत टाकते. काय करू?

ॲप डिलीट करणं म्हणजे दाराला नुसती कडी लावणं, उघडायला किती वेळ लागतो? मनावर ताबा ठेवा वगैरे मला कोणी सांगितलं की राग यायचा, कारण मनावर ताबा असता तर हा प्रश्नच नसता. मला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा, वस्तू आवडणं आणि पैसे जाणं यांच्यामध्ये जेवढं अंतर टाकता येईल तेवढं टाकायचं. एका टचमध्ये होणाऱ्या कामाला सात पायऱ्या लागल्या पाहिजेत.

कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करा. ही सोय प्रत्येक बँकेने द्यायची असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच सांगितलंय, लिमिट पण तिथेच कमी करता येते, मी माझी पाच हजारांवर आणली. मग सगळ्या वेबसाइटवर सेव्ह केलेलं कार्ड काढा. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानवाल्यांकडे तुमचा खरा कार्ड नंबर राहत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली नंबर असते, पण टोकन असलं तरी तुमच्यासाठी एका टचचं कामच झालं ना, म्हणून ते पण काढा.

यूपीआयचं सगळ्यात महत्त्वाचं. पगाराचं खातं यूपीआयमधून काढून टाका. एक वेगळं खातं ठेवा, त्यात दर सोमवारी आठवड्याचे पैसे टाका आणि फोनला फक्त तेच जोडा. माझ्या घरचे २,५०० आठवड्याला, त्यात भाजी, दूध, पेट्रोल, ऑटो. संपले की संपले. यूपीआय लाइट चालू असेल तर बंद करा, त्यात छोट्या रकमेला पिन लागत नाही आणि पिन टाकायचे ते चार सेकंदसुद्धा आपल्याला पाहिजे आहेत. आणि ॲपमध्ये ऑटोपे नावाची यादी असते ती एकदा उघडून बघा, मला तिथे तीन अशी सबस्क्रिप्शन सापडली जी मी विसरून गेली होती आणि दर महिन्याला पैसे कटून राहिले होते.

मग वस्तू आवडली तर? वहीत लिहायची. फ्रिजवर एक वही लटकवली आहे, वस्तू, किंमत, तारीख. तीस दिवसांनी अजून पाहिजे असेल तर घ्यायची. माझ्या वहीत पहिल्या चार महिन्यांत ५३ वस्तू लिहिल्या गेल्या आणि घेतल्या ९.

पण सेलमध्ये घेतलं तर बचतच झाली ना?

जी वस्तू सेल नसता तरी घेणारच होता, तेवढ्यापुरती हो. बाकी नाही. १,९९९ चा ड्रेस ७९९ ला घेतला तर १,२०० वाचले नाहीत, ७९९ गेले.

आणि "फक्त २ उरले", "१४ मिनिटांत ऑफर संपणार" हे जे दिसतं ना, त्याच्यावर आता नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या पद्धतींची यादीच काढली, त्यात खोटी घाई लावणं आहे, न विचारता कार्टमध्ये काहीतरी टाकणं आहे, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण दाबायला लावून लाज वाटवणं आहे, सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं आहे. तुमच्यासोबत असं झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ही यादी वाचल्यावर मला रडू आलं होतं खरं सांगते, कारण मी इतकी वर्षं समजत होती की सगळी चूक माझ्या स्वभावाचीच आहे.

फ्री डिलिव्हरीसाठी दीडशेची वस्तू वाढवणं, हे मात्र आपलंच. चाळीस रुपये भरा आणि सुटा.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये तर व्याजच नाही, मग काय वाईट?

व्याज असतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. होतं काय, बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दिल्यासारखी दाखवतात. २४ हजारांचा फोन, सहा महिने, १६ टक्के दर धरला तर व्याज साधारण ११०० होतं, ते त्या किमतीतल्या सवलतीत गेलं, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून, म्हणजे दोनशेच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी १९९ धरा आणि तिच्यावर जीएसटी. झाले सव्वाचारशे, साडेचारशे. शिवाय रोख घेणाऱ्याला कधी कधी जी वेगळी सूट मिळते ती गेली.

पण सव्वाचारशे हा खरा त्रास नाहीच. खरा त्रास हा की ४ हजारांचा हप्ता बघून २४ हजार दिसतच नाहीत, आणि मग असे हप्ते एकावर एक चढतात. माझे एका वेळी पाच चालू होते, ११,३०० रुपये महिन्याला, आणि त्यातल्या दोन वस्तू तोपर्यंत बिघडून पण गेल्या होत्या.

कार्डाचं मिनिमम ड्यू दर महिन्याला भरते, लेट फी लागत नाही. चालते ना?

नाही चालत ताई. हा एक प्रश्न असा आहे की मी समोरच्याला जेवण थांबवून हिशेब करून दाखवते.

६० हजार बाकी आहेत. दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, बऱ्याच कार्डांचं याच्या आसपासच असतं, म्हणजे २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. झाले २,४७८. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायचीच रक्कम, साधारण पाच टक्के, म्हणजे तुम्ही भरले ३,०००. तर मूळ बाकीतून कमी झाले ५२२ रुपये. तीन हजार भरून ५२२! आणि वर्षाचा दर बघाल तर ४० टक्क्यांच्या वर. अजून एक, पूर्ण बिल भरलं नाही की ते जे चाळीस पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात ते पण जातात, म्हणजे नवीन घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर सुद्धा त्या दिवसापासून व्याज.

मी काय केलं, आमच्या ऑफिसच्या कर्मचारी सोसायटीतून १२ टक्क्यांनी कर्ज घेतलं, दोन्ही कार्डं एकदाच भरली, आणि १८ महिने ८,४०० च्या आसपास हप्ता दिला. तुमच्याकडे अशी सोसायटी नसेल तर बँकेचं पर्सनल लोन किंवा सोन्यावरचं कर्ज विचारून बघा, कार्डापेक्षा स्वस्तच असते. पण यात एक मोठा धोका आहे. कार्ड रिकामं झालं की ते परत वापरायला लागायचं आणि मग कर्जाचा हप्ता पण आणि कार्डाची बाकी पण, असं झालेली माणसं मी बघितली आहेत. म्हणून कर्ज मिळाल्याच्याच आठवड्यात एक कार्ड बंद करा. कार्डावर काही देणं उरलं नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायलाच पाहिजे, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. ते फोनवर नवीन ऑफर सांगतात, पॉइंट सांगतात, ऐकून घ्या आणि "बंदच करायचंय" एवढंच म्हणत राहा.

ऑनलाइन नाही घेत मी, पण बर्डीवर गेली की हात थांबत नाही.

सीताबर्डीची गोष्टच वेगळी आहे, मेन रोडवर दोन्ही बाजूला दुकानं, खाली फुटपाथवर दोनशेचे टॉप, कानातले, चपला, आणि सोबत मैत्रीण असेल तर विचारूच नका. मी बर्डी सोडलेली नाही, सोडायची पण नाही मला. मी रोख घेऊन जाते, फोनमधलं ते आठवड्याचं खातं घरून निघतानाच रिकामं असल्यासारखं समजते, आणि गाडी नेत नाही. जयप्रकाश नगरहून मेट्रोने बर्डी. मेट्रोने गेलं की हातात मावेल तेवढंच घेता येते, गाडीच्या डिक्कीत काय काय बसते ते तुम्हाला माहीत आहे.

रोखीचं महत्त्व उगाच नाही सांगत. २००१ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांचा लिलाव केला, काहींना सांगितलं रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्ड, तर कार्डवाल्यांची बोली जवळपास दुप्पट गेली. तिकीट तेच. नोट हातातून जाताना दुखतं आणि ते दुखणं कामाचं आहे.

"कपडे होलसेल घेऊ, स्वस्त पडतील" म्हणून गांधीबागेत जाणाऱ्यांना पण एक सांगते, चार साड्या स्वस्तात घेतल्या आणि पाहिजे एकच होती, तर स्वस्त कशा पडल्या? किराण्याचं मात्र उलट, तेल, डाळ, तांदूळ जे लागणारच आहे ते दोन घरांनी मिळून इतवारीतून महिन्याचं आणलं तर खरंच वाचते. दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवर कोथिंबीर मागवताना सोबत चिप्स, आइस्क्रीम येतेच येते.

भिशी लावू का? आणि सराफाची ११ महिन्यांची स्कीम?

भिशीबद्दल लोक एकदम टोकाचं बोलतात, मला ते पटत नाही. आमच्या आईने भिशीवरच माझं शिक्षण केलं. भिशीत जे बळ आहे ते कोणत्याच ॲपमध्ये नाही, दर महिन्याला दहा बायकांसमोर पैसे ठेवायचे असतात आणि नाही ठेवले तर मान खाली जाते, म्हणून पैसे निघतात. ज्यांच्याने एकट्याने बचत होत नाही त्यांच्यासाठी हे मोठं आहे. पण व्याज नसतं आणि कोणी मधेच पळालं तर कागद काहीच नसतो. चिट फंडाचा कायदा १९८२ चा आहे, त्याच्याखाली नोंदणी लागते, आपली बिल्डिंगमधली भिशी कुठे नोंदलेली असते? म्हणून ओळखीच्या दहाबारा जणींची, छोट्या रकमेची, तेवढीच. आणि भिशी लागली की त्या पैशांचं काय करायचं हे आधी लिहून ठेवा, नाहीतर भिशी लागली त्याच आठवड्यात सोफा येतो.

सराफाच्या स्कीममध्ये ११ हप्ते तुम्ही भरता आणि बाराव्याला दुकानदार काहीतरी देतो, कधी अख्खा हप्ता, कधी घडणावळीत सूट. अकराच का, तर ३६५ दिवसांच्या वर आगाऊ पैसे ठेवले की कंपनी कायद्याखाली ती ठेव समजली जाते आणि तिचे नियम लागतात. लक्षात घ्या की यात पैसे परत नगद मिळत नाहीत, दागिनाच घ्यावा लागतो, आणि दुकान बंद पडलं तर बँकेसारखा विमा नाही. घरात लग्न ठरलेलं असेल, दागिना घ्यायचाच असेल तर ठीक. बचत म्हणून नको.

पतसंस्थेत जास्त व्याज मिळते म्हणून पैसे ठेवणाऱ्यांनी पण हे विचारात घ्या, ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

मग बाजूला काढलेले पैसे ठेवू कुठे?

जिथून काढायला त्रास होईल तिथे. मला पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, आवडते, महिन्याला १०० रुपयांपासून उघडते, पाच वर्षांची, आणि तीन वर्षांच्या आधी बंद करता येत नाही हीच माझ्यासारखीसाठी चांगली गोष्ट. मी उघडली तेव्हा ६.७ टक्के होता दर, म्हणजे महिन्याला २,००० टाकले तर भरलेले १ लाख २० हजार आणि शेवटी हातात साधारण १ लाख ४२ हजार ७००. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, पंधरा वर्षांचा, वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, त्यात पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत टाका, काहून की व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर धरतात.

पण या दोन्हीच्या आधी एक महिन्याचा घरखर्च साध्या बचत खात्यात पाहिजे, यूपीआय न जोडलेल्या. तो नसला की गाडीचं टायर फुटलं, मुलीला ताप आला, की परत कार्ड. माझ्या त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे महालला ठेवलेलं आहे. लागलं तर जायचं, आई विचारते कशाला पाहिजे, सांगावं लागते.

महालक्ष्म्या, दिवाळी, लग्नाचा सीझन, तेव्हा काय करणार?

खर्च करणार! महालक्ष्म्या बसतात आमच्याकडे, साडी, फराळ, सवाष्णींचं जेवण, हे काटकसरीत बसवायची गोष्ट नाही. फक्त हे दरवर्षी येणारच आहे, अचानक नाही येत. मागच्या वर्षीचा सणांचा आणि आहेरांचा खर्च काढा, बाराने भागा, तेवढे दर महिन्याला वेगळे. आमचे ३६ हजार निघाले, म्हणजे महिन्याला ३,०००. आधी हे सगळं ऑगस्ट ते नोव्हेंबर कार्डावर जायचं आणि मार्चपर्यंत फेडत बसायचं. आहेराचं पण नवऱ्याने आणि मी बसून ठरवलं, जवळच्यांना एवढे, ऑफिसातल्यांना एवढे, आणि त्याच्यावर नाही, कोणाला काय वाटेल ते वाटो.

मुलांना कसं समजवायचं?

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचा, बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे) त्यांच्याच हातात राहू द्या. मुलीला ३४० रुपये जमले होते, तिने दोन दिवसांत २०० उडवले आणि मग एक आठवडा तिला हवं ते घेता आलं नाही, मी मधे पडली नाही. त्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, मुलं आपलंच बघून शिकतात.

नवऱ्याला सांगू का? भांडण होईल.

होईल. आमच्याकडे झालं, दोन दिवस बोलणं बंद होतं. तरी सांगा. कारण लपवलेल्या बाकीचं व्याज फक्त पैशांत नाही लागत, रोज फोन वाजला की छाती धडधडते, पोस्टमनची भीती वाटते, माणूस घरात असून चोरासारखा राहतो. मी सांगितलं ते तो प्रिंटचा कागद समोर ठेवून, रविवारी सकाळी, मुलगी आजीकडे असताना. पूर्ण आकडा सांगितला, एक रुपया कमी नाही. हे फार महत्त्वाचं आहे, अर्धा आकडा सांगितला की उरलेला अर्धा परत लपवावा लागतो आणि तो निघाला की मग खरंच विश्वास जातो. सोबत हे पण ठेवलं की मी काय करणार आहे, कोणतं कार्ड बंद, हप्ता किती, किती महिने.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला की त्याने पण क्रिकेटच्या ॲपवर अकरा हजार घालवले होते. दोघं बसून रडलो आम्ही. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पोहे खाता खाता दोघं स्टेटमेंट बघतो, वीस मिनिटं, आणि प्रत्येकाला महिन्याला १,००० असे की ज्याचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. ते हजार पाहिजेतच, नाहीतर घर म्हणजे ऑडिट होऊन जाते.

एक अपवाद मात्र आहे. घरी मारहाण होत असेल, सांगितल्याने जिवाला त्रास असेल, तर आधी बहिणीला, आईला, विश्वासातल्या कोणाला सांगा. कोणाला तरी सांगा, एकट्याने नका राहू.

तीन महिने नीट गेले आणि परत एका रात्रीत सहा हजार उडवले. सगळं वाया गेलं का?

नाही गेलं. माझं दोनदा झालं. बहुतेक ठिकाणी रिटर्नची मुदत असते, सकाळी उठून पहिलं काम रिटर्न टाका, लाज वाटली तरी. मग वहीत लिहा त्या दिवशी काय झालं होतं. माझ्या दोन्ही वेळा ऑफिसात अपमान झाला होता आणि जेवण झालं नव्हतं. ते समजल्यावर आता वाईट दिवस गेला की मी आधी जेवते आणि मग बहिणीला फोन करते.

याला डॉक्टर लागतो का?

सगळ्यांना नाही, काहींना लागतो. खरेदी न थांबवता येणं याला जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओनिओमेनिया असं नाव दिलं होतं, म्हणजे ही काही मोबाइलनंतर आलेली गोष्ट नाही. वर लिहिलेलं सगळं करून पण थांबत नसेल, नोकरी किंवा घर मोडायला आलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर नक्की जा. आणि अजून एक, एखाद्या माणसाची झोप एकदम कमी झाली, बोलणं वाढलं, मोठमोठे प्लॅन सुरू झाले आणि त्यात अचानक प्रचंड खर्च करायला लागला, तर त्याला उधळ्या म्हणून बोलत बसू नका, तो मूडचा आजार असू शकतो आणि त्याला औषधं आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येते, रात्री पण लागतो. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येते. मी स्वतः चार वेळा समुपदेशनाला गेली, आणि तिथे पहिल्यांदा कोणी मला हिशेब न विचारता विचारलं की तुम्हाला कशाचं वाईट वाटते.

आता तुम्ही काहीच घेत नाही का?

घेते ना. यंदा महालक्ष्म्यांची साडी गांधीबागेतून घेतली, वहीत दीड महिना लिहून ठेवलेली होती, हिरवी, २,२०० ची, सणाच्या पैशांतून रोख. नवरा सोबत होता. तिथून चालत इतवारीपर्यंत आलो, गर्दी खूप होती, आणि साडीची पिशवी पूर्ण वेळ त्याच्याच हातात होती.